साम्य एकसष्ट टक्के

आमच्या महाविद्यालयात पहिल्या वर्षाच्या प्रत्येक पोराला लेखनाचा एक अभ्यासक्रम करावाच लागतो, मग ते पोर पुढे पूल बांधणार असो की दात उपटणार. पूर्वी पोरं 'माझा आवडता ऋतू' लिहायची आणि आम्ही तपासायचो. दोघांचंही त्यात फारसं बिघडत नसे. मग वरून आदेश आला की लेखन आता एखाद्या विषयाभोवती शिकवायचं आणि तो विषय सामाजिक असला पाहिजे. विद्यार्थ्यांनी समाजाच्या जखमेवर बोट ठेवायला शिकावं, असं आदेशात म्हटलं होतं. कुणाच्या जखमेवर, ते आमच्यावर सोडलं होतं.

आमच्या विभागप्रमुख बाईंना कुठलीही गोष्ट चौकटीत बसवल्याशिवाय दिसत नसे, म्हणून आम्ही त्यांना पाठीमागे तक्ताबाई म्हणायचो. त्यांनी बैठक बोलावली. एकानं पाणी घेतलं, एकीनं वाहतूक. व्यसन दोघांना हवं होतं, म्हणून चिठ्ठ्या टाकाव्या लागल्या.

"तुमचं काय?" तक्ताबाईंनी मला विचारलं.

"छत्रीच्या कारखान्याची आग."

"छान. सार्वजनिक स्मृतीत बसेल. आठवडे किती?"

"बारा."

"मृत?"

"एकोणीस."

"बाराला एकोणीस जरा जड जातील," त्या पेन्सिल हनुवटीला लावून म्हणाल्या, "पण बसवू."

ही आग मला परकी नव्हती. त्याच्या एकेचाळीस वर्षं आधी आमच्याच शहरात छत्र्यांच्या कारखान्याचा दुसरा मजला भर दुपारी जळाला. एकोणीस बायका गेल्या. नाक्यावर त्यांच्या नावांचा दगड आहे आणि त्यातलं अकरावं नाव माझ्या सासूबाईंचं. मी त्यांना पाहिलेलं नाही. माझी बायको तेव्हा चार वर्षांची होती, तिलाही त्यांचा फक्त आवाज आठवतो, तोही दुसऱ्या खोलीतून येणारा.

नावांच्या खाली एक ओळ आहे: 'सरसाची शेगडी पेटती राहिल्याने लागलेल्या आगीत मृत्यू पावलेल्या भगिनींच्या स्मरणार्थ.' छत्रीला लाकडी मूठ बसवायची तर सरस लागतो आणि सरस पातळ ठेवायला शेगडी लागते. त्या मजल्यावर शेगडी एकच होती. शेगडीवर बसणारी बाई एकच होती, माझ्या सासूबाई. दगडावर दोष कुणाच्याच नावानं लिहिलेला नाही, पण शहराला वाचता येत होतं. बायको शाळेत गेली ती 'शेगडीवालीची पोर' म्हणून. एका मैत्रिणीच्या आईनं तिला दारातच थांबवून ठेवलं होतं. त्या घरच्या दोघी दगडावर होत्या.

तिला वाढवलं मावशींनी. सासूबाईंची ही धाकटी बहीण त्याच मजल्यावर छत्रीच्या कापडी पाकळ्या शिवायची. आग लागली तेव्हा मावशी बावीस वर्षांच्या आणि काडीसारख्या होत्या, म्हणून संडासाच्या खिडकीतून बाहेर पडू शकल्या. पत्र्यावर पडल्या, तिथून अंगणात. घोटा मोडला. तशाच रांगत जिना चढल्या आणि पाहिलं तर दाराला बाहेरून कुलूप. पोरी वेळेआधी निघून जाऊ नयेत म्हणून मालक दुपारच्या जेवणानंतर कुलूप घालायचा. मावशी विटेनं कुलूप ठोकत राहिल्या. आतून दार ठोकत होते ते हात हळूहळू कमी होत गेले, असं त्या सांगायच्या. आणि शेगडी? त्या दिवशी मुठींचा माल आलाच नव्हता. शेगडी सकाळपासून विझलेली होती. सासूबाई त्या दिवशी धागे तोडायला बसल्या होत्या.

हे मावशींना तेव्हा कुणी विचारलं नाही. त्या तीन महिने इस्पितळात होत्या. बाहेर आल्या तोवर चौकशी संपली होती, कुलूप नाहीसं झालं होतं आणि दगडावर ओळ कोरून झाली होती. चोर सोडून संन्याशाला सुळावर चढवायची आपली जुनी रीत. इथं संन्यासीण होती, एवढाच फरक.

मी विषय घरी सांगितला तेव्हा बायको भाजी चिरत होती. ती थांबली.

"चाळीस पोरं लिहिणार?"

"दर वर्षी चाळीस."

"कुलूप लिहितील?"

"मावशी सांगतील ते लिहितील."

"मग कुणीतरी वाचेल," ती म्हणाली आणि पुन्हा चिरायला लागली. ती रक्त तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करते. तिथं एखादी गोष्ट चाळीस नमुन्यांत सापडली की खरी मानतात. तिला वाटलं, सगळीकडे तसंच असतं.

अभ्यासक्रमाचं नाव 'आग, आठवण आणि आपण'. पहिल्या आठवड्यात दगडाला भेट, तिसऱ्यात मुलाखत, सहाव्यात कच्चा निबंध, दहाव्यात पक्का. गुणांचा तक्ता तक्ताबाईंनी स्वतः आखला: मांडणी पाच, भाषा पाच, आधार पाच, संवेदना पाच. 'विद्यार्थी दुःखाकडे चिकित्सक दृष्टीने पाहू शकेल' हे अपेक्षित फलित होतं. ते बाराव्या आठवड्यात दुपारी साडेचारपर्यंत व्हायचं होतं.

आगीतून वाचलेल्या तिघींपैकी दोघी एव्हाना गेल्या होत्या. त्यामुळे चाळीसच्या चाळीस पोरं मावशींकडे. मावशींच्या दोन खोल्या शिंप्याच्या दुकानावर. त्या खालून कपडे दुरुस्तीला आणत आणि खिडकीपाशी मशीनवर बसत. पोरं पाच-पाचच्या टोळीनं यायची, बिस्किटं घेऊन. मावशी खुश. एकेचाळीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं आणि आता रांग लागली होती.

"जावईबापू," त्या मला म्हणाल्या, "लोक देवळात जातात ना, तशी माझ्याकडे येतायत. फक्त चपला बाहेर काढत नाहीत."

सहाव्या आठवड्यात निबंध आले आणि घोडं अडलं. निबंध कुठून उचललेला नाही ना, हे पाहायला महाविद्यालयानं एक यंत्रणा घेतली होती. निबंध तिच्यात टाकला की दुसऱ्या निबंधांशी किती जुळतो ते टक्क्यांत येतं आणि जुळणारी वाक्यं पिवळी होतात. वीस टक्क्यांच्या वर गेला की परत. आमच्या चाळीस निबंधांचं सरासरी साम्य निघालं एकसष्ट टक्के. 'दाराला बाहेरून कुलूप होतं' हे वाक्य चाळीस ठिकाणी पिवळंजर्द. 'शेगडी सकाळपासून विझलेली होती' हेही.

मी तक्ताबाईंकडे गेलो. "अहो, बाई एकच, घटना एकच. साम्य असणारच."

"नियमाला ते कसं कळणार?" त्या म्हणाल्या. "पोरांना म्हणावं, आपापल्या शब्दांत लिहा. आणि नुसतं कुलूप-कुलूप काय? वेगळा कोन शोधा म्हणावं."

मी पोरांना वेगळा कोन शोधायला सांगितला. शिक्षकाच्या नोकरीत मी आयुष्यभर असं पुष्कळ काही सांगत आलो. बहुतेक पोरं ते ऐकत नाहीत, म्हणून समाज टिकून आहे. ही बॅच नेमकी आज्ञाधारक निघाली. पहिल्या वर्षी पोरांनी कुलूप काढून टाकलं आणि ऋतू, धूर, शांतता यांवर लिहिलं. साम्य उतरलं. पक्के निबंध महाविद्यालयाच्या मौखिक इतिहास संग्रहात गेले. परत केलेले कच्चे निबंध सत्र संपल्यावर यंत्रणा आपोआप पुसून टाकते. जागा अडते म्हणून.

पुढच्या वर्षी एक चष्मेवाली मुलगी दोनदा निबंध परत आल्यावर मावशींसमोर रडली. मावशींनी मला जाब विचारला.

"म्हणजे मी सगळ्यांना एकच सांगते म्हणून पोरं नापास?"

"तसं नव्हे, मावशी. यंत्राला सारखं वाटतं."

"सारखंच आहे ते. माझी बहीण काय चाळीस वेगवेगळ्या तऱ्हांनी मेली?"

मी हसलो. मावशी हसल्या नाहीत. पण पोरांचं रडणं त्यांना बघवत नसे. थोड्या दिवसांनी मला म्हणाल्या, "आज एकाला कापड काळं दिलं, एकीला निळं. एकाला म्हटलं कुलूप पितळी होतं, दुसऱ्याला लोखंडी. सगळे पास व्हायला पाहिजेत हं."

"मावशी, तुम्ही तर माझ्याही वरच्या मास्तरीण," मी म्हणालो.

हे वाक्य मी म्हणालो. चहा पीत होतो. चहा चांगला झाला होता.

त्या वर्षी साम्य नऊ टक्क्यांवर आलं. मी अहवालात लिहिलं, 'अनुभवाच्या मांडणीत लक्षणीय विविधता.' तक्ताबाईंनी त्याखाली रेघ ओढली. इतर विभागांतले लोक तक्ता मागायला आले.

तिसऱ्या वर्षी एक निबंध आला. लिहिणारी एक अबोल मुलगी, मागच्या बाकावरची, कच्च्या निबंधात साम्य कायम वीसच्या वर. पक्क्या निबंधात तिनं लिहिलं होतं की मावशींनी मशीन थांबवलं आणि म्हणाल्या, दार बहुधा फुगून घट्ट बसलं असेल. आणि ताईनं शेगडी पेटवली होती, तिला थंडी वाजायची, पण हे मी कुणाला सांगितलेलं नाही. साम्य तीन टक्के.

मी तो निबंध दोनदा वाचला. मला तेव्हा काय वाटलं ते सांगतो, कारण ते पुढे कुणी विचारलंच नाही: मला ते खरं वाटलं. इतकी वर्षं झाकून ठेवलेलं मावशींनी शेवटी एका परक्या पोरीपाशी उघड केलं, असं वाटलं. मावशींना विचारायला माझ्या पायानं दहा मिनिटं लागतात. मी गेलो नाही. बायकोला सांगितलं नाही. निबंधाला वीसपैकी एकोणीस दिले, शेरा लिहिला, 'स्मृतीच्या गुंतागुंतीला धैर्यानं भिडणारा', आणि पुढच्या बॅचला नमुना म्हणून लावला.

आठव्या वर्षी नगरपालिकेनं नाक्याचा रस्ता रुंद करायला घेतला. दगड हलवायचा होता. हलवताना जुन्याला तडा जाणार, म्हणून नवा करायचा ठरला आणि मजकुरावर हरकती मागवल्या. मुदत एक महिना. बायकोनं पहिल्याच दिवशी अर्ज नेऊन दिला. अर्ज दोन ओळींचा होता: शेगडीची ओळ काढावी. दाराला बाहेरून कुलूप होतं, हे लिहावं.

सुनावणी जुन्या ग्रंथालयाच्या वरच्या खोलीत होती. समितीचे तिघे, मधले अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश. कारखान्याच्या मालकाचा मुलगा आता शहरात इमारती बांधतो. तो आला नव्हता, त्याचा वकील आला होता. वकिलाला पाहून मला आनंद झाला, हे कबूल करतो. पहिल्या बॅचचा माझा विद्यार्थी. भाषा स्वच्छ. वाकून म्हणाला, "सर, बरे आहात ना?"

मावशी नवी साडी नेसून आल्या होत्या. त्यांनी सगळं सांगितलं, खिडकी, पत्रा, घोटा, जिना, कुलूप, वीट. आवाज कुठं हलला नाही. बायको माझ्या शेजारी मान ताठ करून बसली होती. अठ्ठेचाळीस वर्षांनी आईची बाजू एका खोलीत तीन माणसं टिपून घेत होती.

मग वकील उठला. त्याच्या हातात आमच्या महाविद्यालयाच्या संग्रहाची बांधलेली प्रत होती. महाविद्यालयाचं बोधचिन्ह वर सोनेरी.

"आजी, हे सगळं तुम्हीच सांगितलेलं ना?"

"पोरांना सांगितलं."

"कुलूप पितळी होतं?"

"लोखंडी."

"इथं पितळी आहे. इथं साखळी आहे. इथं कडी आहे, कुलूप नाहीच. कापड काळं, निळं, एका ठिकाणी फुलांचं. तुम्ही वीट मारलीत, इथं दगड, इथं नुसते हात." त्यानं पानं सावकाश उलटली. "आणि इथं म्हणता, दार फुगून बसलं असेल. ताईनं शेगडी पेटवली होती."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं नाही. आधी तिनं मावशींकडे पाहिलं.

"ते त्या पोरीचं पास होत नव्हतं," मावशी म्हणाल्या.

"म्हणजे?"

"सगळ्यांच्या निबंधात कुलूप होतं. यंत्र तेच धरायचं. सारखी रडायची. तिला दुसरं कुणाचंच नसेल असं काहीतरी पाहिजे होतं. म्हटलं, घे बाई. तिच्या कागदावर तेवढं. मला काय ठाऊक, तुम्ही त्याचं पुस्तक बांधाल!"

मागच्या बाकांवर कुणीतरी खुसखुसलं. अध्यक्ष चष्मा पुसत म्हणाले, "बाई, विद्यार्थ्यांच्या भल्यासाठी तुम्ही वेगवेगळं सांगितलंत. आज बहिणीच्या भल्यासाठी सांगत नाही, हे आम्ही कशावरून धरायचं?"

मावशी माझ्याकडे वळल्या. "जावईबापूंना विचारा. त्यांना ठाऊक होतं."

अध्यक्षांनी मला उभं केलं. दारापाशी प्राचार्य आणि तक्ताबाई बसल्या होत्या. त्याच आठवड्यात आमचा अभ्यासक्रम सगळ्या विद्यापीठासाठी नमुना म्हणून निवडला जाणार होता. मी हे निमित्त म्हणून सांगत नाही. खोलीत कोण कुठं बसलं होतं, ते सांगतोय.

"या निबंधाला तुम्ही एकोणीस गुण दिलेत," अध्यक्ष म्हणाले. "तो खरा मानून दिलेत की खोटा मानून?"

मावशी तपशील बदलतात हे मला माहीत होतं, असं म्हणालो असतो तर पुस्तक खोटं ठरलं असतं आणि मावशींचा शब्द उरला असता. कुलुपाचं वाक्य पहिल्या वर्षी चाळीस निबंधांत होतं आणि मीच ते काढायला लावलं, असं म्हणालो असतो तरी पुष्कळ झालं असतं. पण मी म्हणालो,

"गुण लेखनाला दिले, साहेब. खरेपणासाठी आमच्या तक्त्यात रकाना नाही."

अध्यक्ष समाधानानं मान हलवून लिहू लागले. पूर्ण वाक्यात मिळालेलं उत्तर त्या दिवशी त्यांच्या वाट्याला बहुधा हे एकच आलं होतं.

बायको उभी राहिली. "पहिल्या वर्षीचे कच्चे निबंध मागवा. त्यात चाळीस ठिकाणी एकच आहे."

"ते कुठं आहेत?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. "सत्र संपलं की पुसले जातात," मी म्हणालो. "साम्य जास्त असलेले ठेवत नाहीत."

बाहेरच्या जिन्यात वकील माझी वाट पाहत थांबला होता. "सर, राग मानू नका. माझ्याही कच्च्यात कुलूप होतं. तुम्ही पिवळं करून परत दिलंत."

"मग तू आत का नाही बोललास?"

"मी त्यांचा वकील आहे, सर," तो म्हणाला. मग अगदी आदरानं म्हणाला, "तुम्ही आमचे होतात."

नवा दगड दोन महिन्यांत बसला. पॉलिश जास्त, अक्षरं मोठी. शेगडीची ओळ तशीच आहे. तिच्याखाली आणखी एक, बारीक अक्षरांत: 'स्थानिक महाविद्यालयाच्या मौखिक इतिहास संग्रहातून या माहितीस दुजोरा मिळाला आहे.' प्राचार्यांनी अनावरणाच्या वेळी मला पुढे बोलावलं. मी गेलो. टाळ्या झाल्या. अभ्यासक्रम आता अकरा महाविद्यालयांत चालतो, आग ज्याची-त्याची.

बायको घरात माझ्याशी कामापुरतं बोलते: गॅस संपलाय, दार लावून घ्या, वाढून ठेवलंय. भांडली असती तर बरं वाटलं असतं. एका रविवारी सकाळी ती मावशींकडे निघाली, तेव्हा मी न विचारताच मागोमाग गेलो. तिनं नको म्हटलं नाही.

मावशी मशीनवर नव्हत्या. खाटेवर बसून होत्या, हात मांडीवर. बायको त्यांच्या पायाशी जमिनीवर बसली, लहानपणी बसत असेल तशी.

"मावशी, मला सांग. मी कधीच विचारलं नाही तुला. सगळ्यांना सांगितलंस, आता मला एकटीला सांग."

"काय सांगू गं?"

"त्या दिवशीचं. पहिल्यापासून."

मावशींनी सुरुवात केली. "जेवण झालं होतं. मी पाकळ्या जोडत होते. कापड काळं..." त्या थांबल्या. "नाही, काळं त्या उंच पोराला दिलं. निळं होतं. निळं... निळं पण कुणाला तरी दिलं." त्यांनी कपाळ चोळलं. "कापडाचं सोड."

"सोडलं. कुलूप होतं?"

"होतं. बाहेरून होतं. त्याच्यात बदल नाही."

"आणि शेगडी?"

खाली शिंप्याच्या दुकानात कात्री चालल्याचा आवाज येत होता. मावशी भिंतीकडे बघत होत्या, शोधत असल्यासारख्या, जिथं पूर्वी एकच वस्तू असायची तिथं आता पुष्कळ ठेवल्या गेल्या आहेत आणि त्यातून आपली काढायची आहे, तशा. कात्री थांबली, पुन्हा चालू झाली.

"विझलेली होती," मावशी म्हणाल्या.

बायकोनं त्यांचा हात हातात घेतला. "पुन्हा सांग."

"विझलेली होती," मावशी म्हणाल्या, आणि या वेळी लगेच म्हणाल्या, पाठ केल्यासारखं. बायकोनं मान हलवली. तिनं हात सोडला नाही, पण पुढं काही विचारलंही नाही. मी दारातच उभा होतो.